न्यायचंय, सोडायचंय की नुसतं बघायचंय?

कॉमिक सान्सला नावं ठेवणं हा संगणकावर अक्षरं मांडणाऱ्या लोकांचा जुना विरंगुळा आहे. पण हा टंक एका कुत्र्यामुळे जन्माला आला, हे नावं ठेवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये 'बॉब' नावाचं काहीतरी शिजत होतं. नवशिक्याला संगणकाची भीती वाटू नये म्हणून पडद्यावर चित्रातला एक कुत्रा यायचा आणि पुढे काय करायचं ते सांगायचा. व्हिन्सेंट कॉनेर हा तिथला टंककार. त्याने पाहिलं, कुत्रा बोलतोय आणि त्याच्या फुग्यातली अक्षरं आहेत टाइम्स न्यू रोमन, म्हणजे थेट अग्रलेखाची. कुत्र्याच्या तोंडी अग्रलेख त्याला सहन होईना. त्याने चित्रकथांच्या पुस्तकांतल्या अक्षरांवरून नवा टंक बेतायला घेतला. तो वेळेत झाला नाही, बॉब त्याच्याविनाच बाजारात गेला आणि आपटला. टंक मात्र जगभर पसरला, आणि अग्रलेख सोडून सगळीकडे दिसू लागला.

आमच्या प्राणी-निवाऱ्याच्या जुन्या संकेतस्थळावर इंग्रजी मजकूर सगळा याच टंकात होता, जांभळ्या रंगात. पाहून मला बरंच वाटलं. इतकी वर्षं पतपेढ्यांच्या व्याजदरांत आणि सोसायट्यांच्या पाणीकपातीच्या सूचनांत भेटणारा हा गृहस्थ अखेर स्वतःच्या गोतावळ्यात परतला होता. मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या कुठल्यातरी फाँटात टाइप केलेला. तो फाँट ज्याच्या संगणकात असेल त्याला 'आमच्याविषयी' दिसायचं, उरलेल्या जगाला रोमन अक्षरं, कंस आणि मध्येच एक डॉलर. वर उजवीकडून डावीकडे सरकणारी पट्टी: 'सर्व देणगीदारांचे हार्दिक आभार'. खाली आजवर किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा. पान नव्याने उघडलं की तो एकाने वाढायचा, त्यामुळे त्यातले निम्मे तरी खजिनदार काका असावेत. सगळ्यात मोठा फोटो शेडच्या उद्घाटनाचा. त्यात पाहुणे, फीत, कात्री, समई, हार, सगळं होतं. जनावर नव्हतं. (फोटो मोठा करून पाहिला तर एका खुर्चीखाली शेपूट दिसते.)

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्यापैकी शहराबाहेर, एमआयडीसीच्या मागे किंवा कचरा डेपोच्या अलीकडे, पत्र्याची अशी एक शेड असते. जाळीचे कप्पे, एक बोअर, एक खडखडणारी व्हॅन, दुपारनंतर येणारे डॉक्टर. चुलीवर भाताचं मोठं पातेलं, त्यात चिकनच्या दुकानातून आलेले पाय आणि माना, वर हळद. आणि हे सगळं चालवणारी एक ताई असते, जिला घरचे लोक 'आता तरी जेव' असं सांगायला फोन करत असतात.

नवं संकेतस्थळ करायला जुनं मोडायचं तर आधी चावी हवी. संकेतस्थळाचं नाव एका माजी सभासदांच्या पुतण्याच्या खात्यावर नोंदलेलं. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, आता सिएटलला दोन मुलांचा बाप आहे. त्याने रात्री जागून पासवर्ड शोधून दिला. आपल्याकडच्या किती संस्था, देवस्थानं आणि वाचनालयं परदेशस्थ पुतण्यांच्या स्मरणशक्तीवर उभी आहेत यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

मग बैठक झाली. माझा धंदा संकेतस्थळं करण्याचा: पतपेढ्या, मंगल कार्यालयं, मोसमात आंबेवाले. बैठकीत काय होतं ते मला पाठ आहे. प्रत्येकाला आपलं ते सगळ्यात वर हवं असतं. खजिनदार काकांना देणगीचं बटण हवं होतं, लाल, आणि त्याच्या शेजारी ८०जी ची सवलत. अध्यक्षांना उद्घाटनाचा फोटो राहायला हवा होता, 'इतिहास म्हणून'. डॉक्टरांना रेबीजची माहिती हवी होती, आणि ती त्यांनी पाठ्यपुस्तकातून उतरवून आणली होती. कॉलेजातल्या स्वयंसेविकेला रील्स हव्या होत्या. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला दोन नंबरच्या पिंजऱ्याला कडी हवीये. वेबसाइटचं तुम्ही बघा."

धंद्यातली सगळी संकेतस्थळं एकाच इच्छेवर चालतात: माणूस आत यावा आणि काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर जाऊ नये. इथेही तसंच असणार अशा हिशेबाने मी पिल्लांचे मोठमोठे फोटो असलेलं पहिलं पान कागदावर काढूनही ठेवलं होतं. तेवढ्यात ताईंनी फोनची वही दाखवली. निवाऱ्याला येणारा प्रत्येक फोन त्या लांबोळक्या वहीत, जमेल तेव्हा, जमेल त्या पेनाने लिहिलेला. 'मारुती मंदिरामागे पांढरी, मागचा पाय.' 'बिल्डिंगमधली सहाच्या सहा घेऊन जा म्हणतात.' 'लॅब आहे का? फुकट?' 'बेंगलोरला बदली, घरमालक नाही म्हणतो.' 'रात्री भुंकतात, मुलाची दहावी.' 'पोपट.' 'परत तेच, दहावीवाले.'

पानं उलटत गेलो आणि लक्षात आलं, प्राणी घरी न्यायचाय असे लोक या वहीत अधूनमधूनच येतात. गर्दी आहे ती सोडायला आलेल्यांची आणि उचलून न्या म्हणणाऱ्यांची. उरलेले नुसतं बघायला येतात, रविवारी, मुलांना घेऊन, कारण प्राणिसंग्रहालयाला तिकीट असतं. म्हणजे ज्या दाराची मी रोषणाई करायला निघालो होतो त्या दारातून बहुतेक लोक उलट्या दिशेने येत होते. दाराचं अर्धं काम लोकांना नीट, न दुखावता, परत पाठवण्याचं होतं. माणूस थांबवून कसा धरायचा याच्या क्लृप्त्या आमच्या धंद्यात पोत्याने मिळतात. प्रेमाने परत कसा पाठवायचा याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

सगळ्यात अवघड 'नाही' हे रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलचं. लोकांची प्रामाणिक समजूत अशी की निवारा आहे म्हणजे गल्लीतली कुत्री तिथे जायला हवीत. नाहीतर तो आहे कशाला? पण नियम तसे नाहीत. २००१ साली प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम आले, २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले, गाभा तोच. कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, ओळखीसाठी कानाला खाच पाडा आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडा. यातला शेवटचा तुकडा ऐकला की फोनवरचा माणूस गप्प होतो आणि मग आवाज चढवतो. त्याला सांगावं लागतं की कुत्र्यांना हद्द असते. एक टोळी उचलली आणि कोपऱ्यावरचा कचरा तसाच ठेवला, तर शेजारची, नसबंदी न झालेली, येऊन बसतात. खाच असलेलं कुत्रं हे एका अर्थी गल्लीचं वॉचमन असतं, पिल्लं न घालणारं आणि लस घेतलेलं. हे सगळं फोनवर पटवून सांगायला ताईंना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात भात करपतो.

त्यात २०२५ उजाडलं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा असा आदेश दिला. आदेश दिल्लीचा, पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्याकडची वही भरायला लागली: दिल्लीवाले नेतात, तुम्हाला काय झालं? २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झाली की त्याच भागात सोडा, रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळून. खाऊ घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आगारं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असं आलं. आमच्या 'नेहमीचे प्रश्न' या पानावरचा मजकूर प्रत्येक वेळी नव्याने लिहावा लागला. दरवेळी काका विचारायचे, "आता हे फायनल ना?" सोनाराच्या भावफलकालाही मी इतक्यांदा हात लावलेला नाही.

वाद नवा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईचं १८३२ साल आठवावं. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली होती, मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस. बक्षिसापायी शिपाई घरादारांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जूनमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, फोर्टात दंगल झाली, बाजार बंद पडले. पुढे दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठियांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. ती अजून आहे. व्यापाऱ्यांनी स्वखुशीने मालावर छोटी पट्टी बसवून घेतली आणि खर्च भागवला. देणगीचं बटण लाल की हिरवं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा काकांनी वहीत 'पट्टी' असं लिहून घेतलं आणि गावातल्या कापडवाल्यांची यादी करायला घेतली.

तर 'नाही' कसं लिहायचं? माझा पहिला खर्डा सरकारी निघाला: 'सदर संस्थेत जागेअभावी'. खजिनदार काका मूळचे सदाशिव पेठेतले. त्यांनी लिहून दिलं: 'येथे कुत्रे सोडू नये. सोडल्यास सोडणाऱ्यास बांधून ठेवण्यात येईल.' मला ते फार आवडलं, पण वापरता येण्यासारखं नव्हतं. शेवटी ताईंना म्हटलं, तुम्ही फोनवर काय सांगता तेच सांगा, मी टाइप करतो. त्या पातेलं ढवळत बोलत गेल्या. आज त्या पानावर जे आहे ते असं:

'तुमचं कुत्रं आम्ही ठेवून घेऊ शकत नाही. घरात वाढलेलं कुत्रं इथे आणून सोडलं की ते गेटकडे तोंड करून बसतं आणि जेवत नाही. आजारी जनावरांत राहून आजारीही पडतं. बदली, नवीन घर, बाळ, यांतलं कारण काहीही असो, आम्ही तुम्हाला बोलणार नाही. त्याचे चांगले फोटो आणि खरी माहिती पाठवा. कुत्रं हवंय म्हणून नाव नोंदवलेल्या लोकांना आम्ही ती दाखवू. घर मिळेपर्यंत ते तुमच्याकडेच राहील.'

शेवटच्या वाक्यात 'राहील' आहे, 'राहू द्या' नाही, हे ताईंनी दोनदा बजावलं. विनंती केली की लोक वाटाघाटी करतात, असं त्यांचं म्हणणं.

पोपटांचं पान त्या मानाने सोपं झालं. गावी जायचंय, आठ दिवस पोपट सांभाळाल का, असे फोन मे महिन्यात आणि दिवाळीत येतात. आपल्याकडचा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला पिंजऱ्यात पाळणं हाच गुन्हा. म्हणजे मनुष्य अतिशय नम्रपणे, स्वतःचा पत्ता सांगून, गुन्ह्याचा मुद्देमाल आठ दिवस सांभाळाल का असं विचारत असतो. डाळिंब तो स्वतः आणून देणार असतो.

खरं भांडण झालं ते फोन नंबरवरून. संकेतस्थळ करणारा कुणीही डोळे मिटून सांगेल, नंबर वर, मोठा, प्रत्येक पानावर. ताई म्हणाल्या, "वर टाकलात तर रात्री दोनला फोन येतो, कुत्रं रडतंय, अपशकुन होतोय, काहीतरी करा." मग खाली टाकू म्हटलं तर त्याच म्हणाल्या, "आणि हायवेला पाय तुटून पडलेलं असेल तर? शोधत बसेल का माणूस?" दोन्ही खरं होतं. एकाच नंबरने रात्री झोपायचंही होतं आणि जागंही राहायचं होतं. डॉक्टर, काका, स्वयंसेविका सगळे यावर बोलले, चहा झाला, पुन्हा बोलले.

तोडगा असा निघाला. पहिल्या पानावर पिल्लं नाहीत, फीत नाही, देणगी नाही. चार मोठी बटणं आहेत. 'जनावर जखमी आहे.' 'कुत्र्यांचा त्रास आहे.' 'घरी न्यायचंय.' 'माझं सोडायचंय.' पहिलं दाबलं तर नंबर येतो, बाकी काही न विचारता. उरलेल्या तिन्हींना आधी थोडं वाचावं लागतं, आणि नंबर त्या मजकुराच्या तळाशी आहे, सकाळी दहा ते पाच या वेळेसह. लोक खोटं बोलून पहिलं बटण दाबतील अशी काकांना खात्री होती. काही दाबतातही. पण अपशकुनवाल्यांतले बरेच जण 'जनावर जखमी आहे' असं उघड खोटं दाबायला कचरतात, हा अनुभव मला मनुष्यजातीबद्दल उगीचच आशा देऊन गेला.

व्हॅन यायला वेळ लागतो. तोवर काय करायचं, हे नंबरखालीच लिहिलं, आणि तिथे मात्र डॉक्टरांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून सरळ बोलावं म्हणून त्यांना ताईंच्या शेजारी बसवलं. वेदनेतलं जनावर ओळखीच्या माणसालाही चावतं. उचलण्याआधी जाड चादर टाका. बळजबरीने दूध-पाणी पाजू नका. घरातली तापाची गोळी देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, मिरची-चुना भरू नका, आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज उरत नाही. मांजराची पिल्लं एकटी सापडली तर आधी लांबून पाहा, आई बहुधा खाण्याच्या शोधात गेलेली असते. या शेवटच्या ओळीचा फायदा पहिल्याच हिवाळ्यात दिसला. त्याआधी भल्या मनाच्या लोकांनी खोक्यात घालून आणलेली कित्येक 'अनाथ' पिल्लं म्हणजे सरळसरळ अपहरणं होती.

हे सगळं झाल्यावर मी एकदाचा 'घरी न्यायचंय' या पानाकडे वळलो आणि वधूवर सूचक मंडळात येऊन पडलो. आधीच्या माहितीपत्रकातला पहिला रकानाच 'जात' होता. त्यात 'गावठी', 'गावठी मिक्स', 'लॅबसारखा' आणि एका ठिकाणी 'उच्च' असं भरलेलं होतं. वय 'अंदाजे दोन', सगळ्यांचंच. रंग ब्राऊन. स्वभाव 'प्रेमळ व मनमिळाऊ', तोही सगळ्यांचाच; त्यात तो पाच नंबरमधला पठ्ठ्या आला, ज्याच्या पिंजऱ्यात व्हॅनवाला दादा झाडू घेऊनही जात नाही. स्थळांच्या जाहिरातींत 'सुस्वरूप, घरगुती, अनुरूप' वाचून जसं काहीच कळत नाही तसंच इथेही काही कळत नव्हतं, आणि मग बघण्याच्या कार्यक्रमात दोन्हीकडची निराशा व्हायची. फरक इतकाच की इथे नापसंती आली तर ती कळवण्याची जबाबदारी कुत्र्यावर नव्हती.

जातीचा रकाना मी काढून टाकला. अध्यक्ष म्हणाले, लोक विचारतात. म्हटलं, विचारू देत.

नावांचाही घोळ होता. निवाऱ्यात जनावराला सापडलं त्या जागेचं नाव पडतं, कारण वहीत तसंच लिहिलेलं असतं. त्यामुळे शेडमध्ये 'बायपास', 'टायर', 'डेपो' आणि 'पेट्रोल पंप' सुखाने नांदत होते, हाकेला ओ देत होते. स्वयंसेविकेचं म्हणणं, अशा नावांनी कोण घरी नेईल? तिने ऑस्कर, कोको, ब्रुनो अशी यादी केली. बारसं झालं, पण डेपोला ऑस्कर म्हटलं की तो मागे वळून कोण ऑस्कर ते पाहायचा. शेवटी दोन्ही नावं ठेवली, कंसात माहेरचं.

वर्णनं ताईंकडून घ्यायची हे आता ठरलंच होतं. 'डेपो. माणसांना घाबरत नाही, छत्रीला घाबरतो. पावसाळ्यात त्रास होईल.' 'राणी. दुसरी कुत्री चालत नाहीत, मांजर चालतं, का ते विचारू नका.' 'टायर. मागचा एक पाय नाही. तीन पायांवर तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो, तेव्हा फाटक बंद ठेवा. पहिला महिना सोफा विसरा.' काकांना हे बदनामीकारक वाटलं. माल विकायचा म्हणजे जरा... मी म्हटलं, काका, माल विकायचा नाहीये, परत येऊ द्यायचा नाहीये. दत्तक गेलेलं कुत्रं आठवड्याने रिक्षातून परत येतं त्या दिवशी ताई कुणाशी बोलत नाहीत, हे काकांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. ते गप्प बसले. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः एक ओळ आणली: 'मोती. वय झालंय. झोपतो. मीही झोपतो, म्हणून सांगतो, सोबत उत्तम.' तशीच छापली.

काळ्या कुत्र्यांवर माझा जितका वेळ गेला तितका मंगल कार्यालयांच्या झुंबरांवरही गेलेला नाही. फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्यातला उजेड सरासरी धरून मोजतो. मागे उन्हाने तळपणारा पत्रा आणि पुढे काळं कुत्रं असेल, तर पत्र्याचा फोटो छान येतो आणि कुत्र्याच्या जागी एक भोक. डोळे दिसत नाहीत, आणि डोळे दिसले नाहीत की पाहणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो. आमच्याकडची काळी मागे राहतात, त्यात काळ्या रंगाला अशुभ मानणाऱ्यांचा वाटा असेल, पण पत्र्याचाही आहे. उपाय साधा: सकाळी, सावलीत, जाळीच्या आत जाऊन, मांडी घालून खाली बसायचं, म्हणजे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. मग कुणीतरी मागून बिस्किटाचा पुडा वाजवायचा. पुड्याच्या आवाजाला कान टवकारलेलं कुत्रं अचानक बुद्धिमान दिसतं. हे तंत्र मी नंतर पतपेढीच्या संचालकांवर वापरून पाहावं असं मनात आलं होतं.

निवाऱ्यांतल्या या अशा फोटोंचं जगात आणखी एक काम होऊन गेलंय. अमेरिकेत १९९६ पासून 'पेटफाइंडर' नावाचं संकेतस्थळ आहे, देशभरच्या निवाऱ्यांतली जनावरं एका जागी दाखवणारं. २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना प्रश्न पडला होता: समोर माणूस आहे की माणसाचं सोंग घेतलेलं यंत्र, हे कसं ओळखावं? त्यांनी पेटफाइंडरकडून ३० लाखांहून जास्त फोटो घेतले आणि 'असिरा' नावाची परीक्षा बनवली. पडद्यावर कुत्र्या-मांजरांचे १२ फोटो येत; त्यातली सगळी मांजरं निवडली की तुम्ही माणूस. पोराला जमेल असं काम, यंत्राला तेव्हा जमणार नाही असं. बदल्यात पेटफाइंडरने काय मागितलं, तर प्रत्येक फोटोखाली 'मला दत्तक घ्या' असा बारीकसा दुवा. बेघर जनावरं माणसांना माणूस असल्याचे दाखले देत होती, आणि जाता जाता घरही विचारून पाहत होती. पुढच्याच वर्षी ही परीक्षा पुरेशी सुरक्षित नाही असं एका संशोधकाने दाखवलं. २०१३ साली त्याच संग्रहातले २५,००० फोटो यंत्रांना शिकवण्याच्या स्पर्धेत ठेवले गेले आणि यंत्रं कुत्रं-मांजर जवळजवळ न चुकता ओळखू लागली. परीक्षा बंद पडली. आज फोन आपले फोटो आपोआप वेगळे लावतो, त्यामागच्या शिकवणीत कुठल्यातरी निवाऱ्यात जाळीमागे बसलेली ती जनावरंही आहेत. हे मी ताईंना उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग त्यांना घरं मिळाली का?" याचा आकडा मी कुठे वाचलेला नव्हता.

दत्तक घेणाऱ्यासाठीचा अर्ज मी मुद्दाम जरा लांब ठेवला. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाचा होकार आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावाला जाताना काय कराल, घरातल्या सगळ्यांना हवंय का. धंद्यात याला आत्महत्या म्हणतात. रकाना वाढला की गिऱ्हाईक गळतं. इथे गळायलाच हवं होतं. 'कुत्रं कशासाठी हवं?' या प्रश्नाला येणारी उत्तरं मात्र माझा फावल्या वेळचा आनंद झाली आहेत. 'मुलगा मोबाइल सोडत नाही.' 'फार्म हाऊसला चोऱ्या होतात.' (यांना नम्रपणे कुलूप सुचवलं जातं.) 'बायको म्हणते मी कुणाचं ऐकत नाही, कुत्र्याचं तरी ऐकेन.' 'आधीचा चौदा वर्षांचा होऊन गेला. लगेच नको, पण नाव लिहून ठेवा.' आणि एका बाईंनी नुसतंच लिहिलं होतं, 'छत्रीला मीही घाबरते.' डेपो त्यांच्याकडे आहे. कसा आहे विचारायला फोन केला तर म्हणाल्या, पावसाळ्यात दोघंही घरीच असतो.

उद्घाटनाचा फोटो अध्यक्षांच्या आग्रहाने 'इतिहास' या पानावर ठेवला आहे. त्यातली खुर्चीखालची शेपूट स्वयंसेविकेने बाण काढून दाखवली आहे. देणगीचं बटण लाल नाही, पण पहिलं सोडून प्रत्येक पानाच्या शेवटी आहे, आणि त्याच्यावर काकांनी रकमांऐवजी गोष्टी लिहायला लावल्या: एक पोतं तांदूळ, एक लस, दोन नंबरची कडी. कडीचे पैसे पहिल्याच दिवशी आले, आणि त्यानंतरही येत राहिले. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती ना. आता निवाऱ्याच्या कपाटात बऱ्याच कड्या आहेत आणि ती ओळ काढायची की ठेवायची यावर पुढच्या बैठकीत चर्चा आहे.

मांजरांचं पान तेवढं राहिलंय. त्यांची माहिती ताईंनी कधीच दिली आहे. पण बिस्किटाच्या पुड्याला मांजरं दाद देत नाहीत, आणि सावलीत मांडी घालून बसलं की मांडीवर येऊन बसतात, मग फोटो काढायचा कुणी.